गळे तीस, पट्टी एक

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. शाळेत संगीत शिकवून मी निवृत्त झाले आणि त्यानंतर भुसावळला तीसेक जणांना घेऊन एक समूहगान मंडळ सुरू केले. त्यात आमच्या भजनी मंडळातल्या लेवा पाटील बायका आहेत, रेल्वेतली तमिळ आणि बंगाली कुटुंबे आहेत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई आहेत, शिलाईकाम करणारे आणि कव्वाली गाणारे चाचा आहेत, सिंधी कापड दुकानदार आणि वरणगाव फॅक्टरीतले पंजाबी जोडपे आहे, शिवाय यावलकडची दोन तडवी मुलेही येतात. गेल्या दिवाळीत आम्ही कार्यक्रम केला. लोकांनी झोळीत टाकलेले सुमारे ४०,००० रुपये बाहेरगावच्या एका संस्थेला दिले, पण तिकडून साधी पोचही आली नाही आणि तेव्हापासून कुरबुरी सुरू झाल्या. आता प्रत्येकाला आपल्या समाजाचे एक तरी गाणे हवे आहे. दोन-तीन चांगले गळे माइक सोडत नाहीत. काहींना दुसऱ्या धर्माचे गीत म्हणायचे नाही. यंदाचे पैसे कोणी मंदिराला द्या म्हणते, कोणी दर्ग्याला, कोणी चर्चच्या छपराला. सरावाला निम्मी माणसे उरली आहेत. त्यातच एका स्थानिक नेत्यांनी सभागृह, ध्वनिव्यवस्था आणि जेवण देऊ केले आहे. फलकावर त्यांचे छायाचित्र असावे एवढीच अट आहे. यजमान म्हणतात, निवृत्तीनंतर हा नसता व्याप कशाला? मी हे थांबवावे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

थांबवू नका. पैशांवरून आणि गाण्यांच्या यादीवरून माणसे भांडत आहेत याचा अर्थ मंडळ त्यांना आपले वाटू लागले आहे, आणि तेवढ्यावरून काळजी करण्याचे कारण नाही. काळजीची गोष्ट पत्राच्या शेवटाकडे एका ओळीत आली आहे: सरावाला निम्मीच माणसे उरली आहेत. भांडणारी माणसे अजून येतात, पण जी काही न बोलता घरी बसली त्यांना परत आणायचे आहे, आणि पुढचे सगळे लिखाण त्या पंधरा जणांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

भुसावळात असे मंडळ उभे राहावे हे नवल नाही, एवढी वर्षे उभे राहिले नव्हते हे मात्र नवल आहे. मुंबईहून आलेला लोहमार्ग जिथे नागपूरकडे आणि इटारसीकडे फुटतो त्या जंक्शनवर गेली दीडशे वर्षे देशभरची माणसे नोकरीसाठी येऊन राहिली, त्यांनी एकमेकांना ड्यूटीच्या पाळीवरून आणि क्वार्टरच्या क्रमांकावरून ओळखले, पण शेजारच्या घरात बाळाला काय म्हणून निजवतात हे बहुधा कोणी विचारले नाही. एरवीही खानदेश कधी एका भाषेचा प्रदेश नव्हता. अहिराणी, लेवा गणबोली, तडवी, भिली, पावरी, गुजरी या बोली जिथे एकाच आठवडी बाजारात कानांवर पडतात तिथे तमिळ आणि बंगाली यांची भर पडली म्हणून काही बिघडत नाही.

आता तुमच्या अडचणीच्या मुळाशी जाऊ. ऑक्सफर्ड विद्यापीठातील आयलुनेड पीअर्स, रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रौढांसाठी नव्याने सुरू झालेले काही वर्ग त्यांनी सात महिने पाहिले. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे आणि काही लेखनाचे. गाण्याच्या वर्गातली अनोळखी माणसे पहिल्या महिन्यातच एकमेकांच्या जवळ आली, इतर वर्गांना त्याला वेळ लागला. या अभ्यासाचा एवढाच भाग सगळीकडे सांगितला जातो. त्याचा दुसरा भाग असा की सातव्या महिन्याच्या अखेरीस तिन्ही प्रकारच्या वर्गांतली जवळीक सारखीच झाली होती. म्हणजे गाणे माणसांचा संकोच लवकर मोडते, पण त्यापुढे ते हस्तकलेपेक्षा अधिक काही करते असे नाही. पुढची जवळीक एकत्र घालवलेल्या वेळातून आणि एकत्र केलेल्या कामातून यावी लागते. तुमचे मंडळ नेमके याच टप्प्यावर येऊन अडकले आहे. पहिला संकोच गाण्याने मोडला, दिवाळीचा कार्यक्रम झाला, आणि त्यानंतर पुढच्या कार्यक्रमाची तयारी सोडून एकत्र करण्यासारखे काही उरले नाही. कार्यक्रम म्हटला की कोण पुढे, कोण मागे, कोणाचे गाणे किती मिनिटांचे, हे प्रश्न येतातच, आणि ज्यांना पुढे यायचे नव्हते ती माणसे अशा वेळी घरी बसतात.

तेव्हा पहिली सूचना अशी की यंदाचा मोठा कार्यक्रम पुढे ढकला. लहान बैठका करा. जेरुसलेममध्ये २०१२ पासून पॅलेस्टिनी आणि इस्रायली मुलामुलींचे एक गायनपथक चालते, त्यात गाण्याच्या जोडीला एकमेकांशी बोलण्यासाठीही वेळ राखून ठेवलेला असतो. आपल्याला इतक्या कडवट वैराची गाठ सोडवायची नाही, म्हणून आपल्याकडे सरावानंतरचा अर्धा तास चहा आणि शेव-मुरमुरे एवढ्यावर भागेल. हिवाळ्यात एखाद्या शेतात भरिताचा बेत केलात आणि कळण्याच्या भाकरी थापायला पंजाबी बाईंना बसवलेत, तर घरी बसलेल्या पंधरांपैकी दहा तरी त्या दिवशी येतील असा माझा अंदाज आहे.

‘प्रत्येकाला आपल्या समाजाचे एक तरी गाणे हवे’ ही मागणी वरकरणी न्याय्य दिसते, पण ती मान्य करू नका. तसे केलेत तर तुमचा कार्यक्रम २६ जानेवारीच्या चित्ररथांसारखा होईल. एकेक समाज सजून समोरून जाईल, टाळ्या घेईल, आणि कोणालाही दुसऱ्याच्या रथावर पाय ठेवण्याची गरज पडणार नाही. तमिळ माणसांनी तमिळ गायचे आणि बाकीच्यांनी मागे उभे राहून मान डोलवायची, यासाठी मंडळ कशाला हवे?

तुम्ही पत्रासोबतच्या चिठ्ठीत सहज लिहिलेला प्रसंग मला सगळ्यांत मोलाचा वाटला. पहिल्या महिन्यात तमिळ मामींनी एक अंगाई शिकवायला घेतली. त्यांच्या भाषेतला एक उच्चार, जो आपल्या ‘ळ’च्या जवळचा आहे पण ‘ळ’ नाही, तो कोणाला जमेना. तुमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख काकू, ज्यांच्या पहिल्या सुरावर एरवी सगळे मंडळ उठते, त्या मामींसमोर मांडी घालून बसल्या आणि चार-पाचदा चुकल्यावर म्हणाल्या, ‘हे आम्हाले नाही जमणार, बाई.’ मामींनी काही न बोलता स्वतःचे तोंड उघडून जीभ टाळूकडे कुठे वळते ते बोटाने दाखवले, काकूंनी तसेच करून पाहिले, आणि आवाज असा काही निघाला की सगळे हसले, मामी सर्वांत जास्त. चाचा दुकानातून परस्पर आले होते, मोजायची टेप अजून गळ्यात होती. त्यांनी खिशातले अंगुस्तान बोटात घालून बाकाच्या कडेवर ठेका धरला, आणि गाणे कसेबसे पुढे सरकले. ताई, तुमचे मंडळ त्या संध्याकाळी उभे राहिले. वर्षानुवर्षे इतरांना गाणे सांगणारी बाई विद्यार्थिनी झाली, आणि सुना-नातवंडांच्या मराठीत अडखळणारी बाई गुरू झाली. असे दर पंधरवड्याला घडवून आणायचे, हेच तुमचे काम आहे.

म्हणून नियम असा करा की ज्याचे गाणे असेल तो ते शिकवील आणि कार्यक्रमात स्वतः ते एकट्याने गाणार नाही. त्याने शिकवलेले बाकीच्यांनी म्हणायचे, त्याने समोर बसून चुका काढायच्या. एका गाण्याला चार-पाच आठवडे द्या. वर्षात फार तर दहा-बारा गाणी होतील. ज्यांचे गाणे यंदा आले नाही त्यांचे पुढच्या वर्षी येईल. गाण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे तुमच्यावर बोल यायचा नाही.

गाणी कोणती घ्यावीत, याबद्दल तुम्ही माझ्यापेक्षा जाणत्या आहात, तरी दोन शब्द लिहितो. सगळ्यांना चालतील म्हणून नुसती देशभक्तीची आणि एकात्मतेची गीते घेण्याचा मोह होतो. तो टाळा, अशा गीतांत कोणाचेच घर दिसत नाही. अंगाई, लग्नातली गाणी, दळणकांडणाची, नावेची, पेरणीची आणि पावसाची गाणी प्रत्येक समाजात असतात. सिंधी लग्नातले लाडे, पंजाबी टप्पे, बंगालचे भाटियाली, आपल्या जात्यावरच्या ओव्या आणि श्रावणात कानबाई देवीच्या रोटाच्या सणाला रात्रभर चालणारी गाणी यांत एवढा ऐवज आहे की दहा वर्षे पुरेल. अंगाईने सुरुवात करणे सर्वांत सोयीचे, कारण तिचा पसारा चार-पाच सुरांचा असतो, लय संथ असते आणि ती चांगली गाता आली पाहिजे असे कोणत्याच आईला वाटलेले नसते. ठेक्याचीही फारशी अडचण यायची नाही. भजनाचा ठेका आणि कव्वालीतला केहरवा दोन्ही आठ मात्रांचे, चर्चमधली पुष्कळशी गीते दादऱ्याच्या सहा मात्रांत सहज बसतात, आणि एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झील धरायची ही रीत दिंडीत, कव्वालीत आणि गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात सारखीच चालते.

खरी अडचण पट्टीची, म्हणजे कोणत्या स्वराला ‘सा’ धरून गायचे याची. तुमच्या भजनी बायकांना पेटीवरची काळी चार किंवा पाच सोयीची, पुरुषांना काळी एक-दोन, आणि एकत्र गाताना कोणी तरी एक बाजू ओढली जाते. पुरुष वर किंचाळतात नाहीतर बायका खाली पुटपुटतात. बायकांनी वरच्या आणि पुरुषांनी खालच्या सप्तकात गायचे असे ठरवून घ्या. मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे मधल्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत, जाणाऱ्या गाण्याला पांढरी एक लावून पाहा, मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या ‘प’पर्यंत, उतरणाऱ्याला पांढरी दोन किंवा तीन. ज्यांना गाता येत नाही असे ते स्वतःच म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांना केवळ चुकीच्या पट्टीत गायला लावलेले असते. सूर मुळीच न ओळखणारी माणसे शंभरात चारही निघत नाहीत. पाश्चात्त्य पद्धतीचे चार आवाजांचे गाणे बसवायची घाई करू नका. ऑर्गनवाल्या बाईंना आणि दोन-चार स्थिर गळ्यांना षड्ज-पंचम धरून ठेवायला सांगितले तरी तीस माणसांचा आवाज भरून येतो. कोलकात्यात रुमा गुहा ठाकुरता यांनी १९५८ मध्ये सुरू केलेले यूथ कॉयर किंवा मद्रासमध्ये एम. बी. श्रीनिवासन यांनी उभे केलेले युवा गायनपथक यांनी भारतीय भाषांतली गाणी अनेक आवाजांत बांधली, पण त्यामागे वर्षांची तालीम होती. तुमच्या मंडळाला तेवढी हौस पुढे वाटली तर पाहता येईल.

माइकचा प्रश्न एका खर्चात सुटतो. हातातले माइक बंद करून टाका आणि मंडळापुढे हातभर अंतरावर दोन उभे माइक ठेवा. एकट्याने म्हणायचे ते एका अंतऱ्यापुरते, आणि तो अंतरा दर वेळी निराळ्या माणसाकडे. चांगल्या गळ्यांना हे आवडणार नाही, हे उघड आहे. त्यांना प्रत्येकी चार कच्चे गायक वाटून द्या आणि त्यांची तयारी करून घेण्याची जबाबदारी टाका. जो गायक यालाही कबूल होत नाही त्याला स्वतंत्र मैफल करू द्यावी, आणि आपण सगळ्यांनी त्याच्या मैफलीला जावे.

दुसऱ्या धर्माचे गीत म्हणायचे नाही, हा आक्षेप यांहून नाजूक आहे, आणि तो संकुचितपणा म्हणून उडवून लावू नये. उपासनेचे गीत ज्याच्यासाठी केवळ गाणे नसते, त्याच्या तोंडून ते बळेच म्हणवणे योग्य नाही. बोस्नियातले युद्ध संपल्यावर लगेच, १९९६ मध्ये, सारायेव्होत इव्हो मार्कोविच या फ्रान्सिस्कन साधूंनी पोंतानिमा नावाचे गायनपथक उभारले. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ज्यू आणि इस्लामी परंपरांतली भक्तिगीते एकाच कार्यक्रमात गाण्याची त्यांची कल्पना होती. कालपर्यंत ज्यांच्या तोफा आपल्या शहरावर रोखलेल्या होत्या त्यांच्या प्रार्थना गाणे अनेकांना जड गेले. तरीही ते पथक टिकले आणि आजही ओळखले जाते. पण तिथे येणारा माणूस ‘मला दुसऱ्यांची प्रार्थना गायची आहे’ असे ठरवून येत होता. तुमच्याकडे येणारा माणूस गाणे म्हणायला आला आहे. म्हणून तूर्त पूजेची आणि प्रार्थनेची गीते बाजूला ठेवा, आणि कानबाईच्या गाण्यांसारखी जी घर आणि देव यांच्या सीमेवर उभी आहेत त्यांच्यासाठी साधा नियम करा: ज्याला एखादी ओळ म्हणायची नसेल त्याने ती ओळ गप्प राहावे, कोणी त्याच्याकडे वळून पाहू नये, आणि त्यानेही गाणे काढून टाका असे म्हणू नये. चाचांनी एखाद्या ओळीला नुसता ठेका धरला तर काकूंनी त्यात मान-अपमान शोधू नये, हे काकूंना आधीच आणि एकांतात सांगून ठेवा.

आता पैसे. या बाबतीत मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मंडळे गाण्यावरून सहसा मोडत नाहीत.

गाऊन मदत गोळा करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात विनय रॉय यांचे पथक गावोगाव गाऊन भुकेल्यांसाठी पैसे गोळा करत हिंडले होते, आणि झोळीत नाणे टाकणाऱ्याला ते नाणे कोणाच्या तोंडी घास म्हणून जाणार आहे हे ठाऊक होते. तुमच्या दिवाळीच्या झोळीत टाकणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, आणि पैसे नेणाऱ्या संस्थेनेही ते कळवले नाही. संशय तिथून शिरला. संस्थेला नोंदणीकृत टपालाने एक पत्र पाठवून पोच आणि विनियोगाचे दोन ओळींचे निवेदन मागा. उत्तर आले तर सरावात वाचून दाखवा, न आले तर तसेही सांगा, आणि तो विषय तिथेच मिटवा.

यापुढे मंडळाने देणगीच्या पैशाला हातच लावू नये. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे लागते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. गणेश मंडळे दरवर्षी घेतात ती परवानगी हीच. तुम्हाला तो व्याप नको असेल तर सोपा मार्ग आहे. जिला मदत करायची त्या नोंदणीकृत संस्थेचाच माणूस कार्यक्रमाच्या दाराशी आपले पावतीपुस्तक आणि आपला क्यूआर कोड घेऊन बसेल. पैसा थेट तिच्या खात्यात जाईल, पावती तिची मिळेल, आयकरात ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत ज्याला लागू असेल त्याला तीही मिळेल. त्या सवलतीसाठी रोख देणगी २,००० रुपयांच्या वर नसावी, एवढे दात्यांना सांगून ठेवा. मंडळाचा स्वतःचा खर्च, म्हणजे चहा, झेरॉक्स, तबल्याची शाई आणि ऑर्गन आणण्याचे रिक्षाभाडे, सभासदांच्या मासिक वर्गणीतून भागवा, आणि ज्याला ती जड जाते त्याची माफ करा, न सांगता. वर्गणीची वही तुमच्या घरात ठेवू नका. तुमच्यावर कोणाचा अविश्वास आहे म्हणून नव्हे. गाणे सांगणाऱ्याने पैसे मोजू नयेत, एवढेच. सिंधी दुकानदारांकडे द्या. त्यांना वही ठेवण्याची सवय आहे. महिन्यातून एकदा सरावाच्या सुरुवातीला त्यांनी आकडे मोठ्याने वाचावेत.

मंदिर, दर्गा, चर्चचे छप्पर, यांतले एकही निवडू नका. तीन चतुर्थांश मंडळाला ज्या दारातून आत जाताना अवघडायला होईल असे कोणतेही ठिकाण मंडळाच्या देणगीसाठी नको, मग ते कितीही गरजू असो. संस्था निवडताना तिचा नोंदणी क्रमांक, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरची नोंद आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब मागा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीन-चार जणांनी तिथे स्वतः जाऊन या. काम खानदेशातलेच असावे, म्हणजे जाऊन येता येईल. माझ्या मनात एक विषय आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार लक्षणीय आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आहे, तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांत मिळतात, पण पाड्यावरून रुग्णालयापर्यंत सोबत येणाऱ्या आईचे बसभाडे आणि तिची बुडालेली मजुरी सहसा कोणी देत नाही. अशा रुग्णांसोबत काम करणारी जवळची संस्था शोधून एका वर्षाचे बसभाडे उचलायचे ठरवलेत तर रक्कम आटोक्यात राहील आणि ती कुठे गेली हे डोळ्यांनी पाहता येईल. मात्र हे ठरवण्याआधी तुमच्याकडच्या दोन तडवी मुलांशी बोला. आपल्यासोबत गाणाऱ्या मुलांना एके दिवशी फलकावर ‘आदिवासी बांधवांच्या मदतीसाठी’ असे वाचावे लागणे बरे नाही. त्यांना दुसरे काही सुचत असेल तर आधी ते ऐका.

पैशाखेरीज देण्यासारखे आणखी काही तुमच्याजवळ आहे. महिन्यातून एकदा वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयाच्या आवारात, परवानगी घेऊन, तासभर जा. तिथे ऐकवायला जाऊ नका; तिथल्या माणसांकडून एक गाणे शिकून या. पुढच्या महिन्यात ते त्यांनाच म्हणून दाखवा. ऑक्सफर्डच्या अभ्यासातल्या त्या सातव्या महिन्यासाठी लागणारे काम हेच.

गाण्यांच्या हक्काबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे कोणी तरी तो प्रश्न काढील. कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीचा किंवा संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेला कार्यक्रम हक्कभंग ठरत नाही. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्यालाही ही सूट आहे, पण रुग्णालयाच्या मदतीसाठी तिकीट लावून केलेल्याला नाही. कायद्याची ही गंमत मला कधी उमगली नाही, तरी आहे ती अशी आहे. म्हणून तिकीट लावू नका, प्रवेश खुला ठेवा. तिकीट लावायचेच असेल आणि चित्रपटगीते असतील तर गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेचा परवाना घ्यावा लागेल. लोकगीतांना ही अडचण नाही. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क कधीच संपला आहे. मात्र ध्वनिमुद्रिकेतली किंवा चित्रपटातली चाल उचललीत तर त्या चालीचा हिशेब निराळा. चाल तुम्ही बांधा, तुमचा तो व्यवसायच होता. यूट्यूबवर चढवण्याच्या आधी हे सगळे पुन्हा तपासा.

काही किरकोळ गोष्टी. रेल्वेतली आणि फॅक्टरीतली माणसे बदलून जाणारच, म्हणून प्रत्येक गाणे देवनागरीत उतरवलेली एक वही आणि शिकवणाऱ्याच्या आवाजातले मुद्रण मंडळाकडे राहील अशी व्यवस्था करा. व्हॉट्सॲपच्या गटावर सरावाची वेळ आणि गाण्याचे मुद्रण यांशिवाय काही टाकू नये. शुभप्रभातही नको, राजकारण तर नकोच. मे महिन्यात सुट्टी द्या. भुसावळच्या त्या उन्हात पंख्याखाली कोंबलेल्या तीस माणसांकडून तार षड्जाची अपेक्षा करणे माणुसकीला धरून नाही.

यजमानांचे म्हणणे मात्र मी सर्वस्वी बाजूला सारणार नाही. गाणे शिकवणे, फोन करणे, हिशेब, सभागृह, रुसवेफुगवे हे सगळे एका बाईने अंगावर घेतले तर तो व्याप होतोच. पैशाचे काम वर म्हटल्याप्रमाणे द्या. फोन आणि निरोपांचे काम बंगाली किंवा पंजाबी घराकडे द्या. गेल्या काही महिन्यांत जी पंधरा माणसे आली नाहीत त्यांच्या घरी जाऊन येण्याचे काम काकूंकडे द्या, त्यांना नाही म्हणण्याची हिंमत सहसा कोणाला होत नाही. तुमच्याकडे फक्त गाणे राहू दे. आणि यजमानांना एकदा सरावाला घेऊन या, मागे बसून पेटीचा भाता मारायला का होईना.

नेत्यांच्या सभागृहाचा प्रस्ताव नम्रपणे नाकारा. फलकावर एक छायाचित्र आले की पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाचे सभासद येणार नाहीत, आणि भुसावळात दोन्ही पक्षांचे सभासद तुमच्या मंडळात आजही आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. एखाद्या शाळेचा वर्ग रविवारी वीजबिलावर मिळू शकतो. तुम्ही इतकी वर्षे शाळेत होतात, तेवढा शब्द तुमचा नक्कीच चालेल. तिथे ध्वनिक्षेपकाची गरजही पडणार नाही. नेत्यांना मात्र निमंत्रणपत्रिका स्वतः नेऊन द्या आणि सांगा की प्रवेश खुला आहे, दाराशी पावतीपुस्तक आहे, आणि पहिल्या गाण्याची झील सोपी आहे.